पाणी अर्धं राहीपर्यंत

लोक माझ्या पाठीमागे मला 'उबालवाली बाई', म्हणजे ऊठसूट पाणी उकळायला लावणारी, म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. सात वर्षं मी देवास जिल्ह्यातल्या खेड्यांतून पाणी तपासत आणि ते शुद्ध कसं करायचं हे बायकांना शिकवत हिंडते आहे. एका संस्थेची नोकरी आहे, वय बावन्न, नाव बकुळा, आणि तोंड फटकळ. घरचे म्हणतात, हिला कोण घाबरवणार, हीच चार जणांना घाबरवून येते. एप्रिलमधल्या त्या मंगळवारी सकाळी अकरापर्यंत माझाही तसाच समज होता.

त्या दिवशी पीपलरावां गावात बायकांचं शिबिर चालू होतं. मध्येच सीताबाईंचा फोन आला. सीताबाई म्हणजे तिथून चार किलोमीटरवरच्या खेड्यातल्या नारायणराव शिंप्यांची बायको. त्या गावात मराठी घर हे एकच. पाच पिढ्यांपूर्वी दरबारी लोकांचे अंगरखे शिवायला म्हणून ही मंडळी इकडे आली. आता भांडण मालवीत करतात आणि आरती मराठीत म्हणतात. त्यांच्या सुनेला, रुचीला, अडीच महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता.

"बकुळाताई, इकडे आलाय असं कळलं. जरा घरी येऊन जा हो. बाळाला नजर लागली. तीनदा उतरवली, मिरच्यांचा खाट पण येत नाही आणि नजर पण उतरत नाही."

"नजर राहू द्या. झालंय काय ते सांगा."

"होठ काळे पडले त्याचे. नखं पण."

मी शिबिर सोबतच्या बाईवर सोपवलं आणि पिशवी उचलली. रुचीचा नवरा मोनू व्हॅन घेऊन मला न्यायला आला. हा मुलगा एरवी बडबड्या, रस्त्यात दिसेल त्याला भाऊ मानून 'काय भिया' करत जाणारा. आज गप्प होता. शेवटी मीच विचारलं तेव्हा म्हणाला, "परसों डॉक्टरला दाखवलं ताई. निमोनिया बोलला. सिरप दिलं. पण त्याला खांसी तर नाहीच ना."

बाळ पाळण्यात होतं. नाव राजवर्धन आणि वजन साडेचार किलो. एरवी मी या नावावरून रुचीची थट्टा करायची, की आधी राज्य वाढव आणि मग मुलाला वाढव. त्या दिवशी मी सरळ त्याच्या ओठांकडे बघितलं. ओठ जांभळट, राखाडी. डोळ्यांभोवती तोच रंग. ताप नाही, खोकला नाही, धाप थोडी. मी त्याचा तळवा चिमटीत दाबला तर त्याने पाय ओढूनही घेतला नाही. अडीच महिन्यांचं मूल इतकं शहाण्यासारखं पडून राहतं, तेव्हा काहीतरी फार बिघडलेलं असतं.

"देवासला न्यायचं," मी म्हणाले. "आत्ता. लगेच."

नारायणराव मशीनवरून उठले. "बारा वाजता झाडफूंकवाले बाबा येणार आहेत ताईसाहेब. झाडा लावतील. मग जाऊ."

"बाबांना मी येऊन भेटते. मोनू, गाडी."

गाडीच्या मागच्या भागात सोयाबीनची पोती होती. ती उतरवायला मोनू धावला. सीताबाई दुपटी बांधायला लागल्या. या दहा मिनिटांत मला करण्यासारखं काही नव्हतं आणि भीती वाटली की माझे हात काम शोधतात. मी स्वयंपाकघरात गेले.

रुची चुलीपाशीच होती. बाळंतपणानंतर तिला टायफॉइड झाला, अंगावरचं दूध आटलं, तेव्हापासून बाळ डब्याच्या दुधावर होतं. चुलीवर स्टीलचं पातेलं रटरटत होतं. पातेल्याच्या आत तिने खिळ्याने एक रेघ ओढलेली होती, अगदी मधोमध.

"हे काय गं?"

"तुम्ही बोलला होता ना ताई. बाळासाठी पानी आधं राहील तोपर्यंत उकळायचं. अंदाजाने चुकतं, म्हणून निशान केलं." तिचा आवाज रडून बसलेला होता, तरी सांगताना मान जराशी वर झाली. "एक दिन पण नाही चुकवलं."

"शाब्बास," मी म्हणाले. हा शब्द मी उच्चारला, आणि तो मला आयुष्यभर पुरणार आहे.

अर्धं राहीपर्यंत हा हुकूम माझाच. खरं तर पाणी खळखळून उकळलं की चार-पाच मिनिटांत काम होतं. पण मी माणसं ओळखून होते ना! दहा मिनिटं सांगितली तर बायका दोन मिनिटं उकळतात, लाकडं वाचवतात, धुणं पडलेलं असतं. म्हणून मी सगळीकडे दुप्पट-चौपट सांगायची. तान्ह्या बाळाचं असेल तर अर्धं राहीपर्यंत. म्हणजे निदान एक उकळी तरी येईल, हा माझा हिशोब. आपण सांगावं आणि लोकांनी निम्मं करावं, यावर माझी सगळी शिकवण उभी होती. शब्दन् शब्द ऐकणारी बाई मला सात वर्षांत भेटलीच नव्हती.

रुचीला मी हे सांगितलं ते तिच्या जलवा पूजनानंतर. मूल सव्वा महिन्याचं झालं की बाळंतीण गावच्या विहिरीची पूजा करते आणि दोन घागरी भरून डोक्यावरून घरी आणते, ही इकडची रीत. मराठी घरांनीही ती केव्हाच उचलली आहे. गावात नळ येऊन दोन वर्षं झाली होती, विहिरीकडे कुणी फिरकत नव्हतं, पण पूजा नळाची कशी करणार? म्हणून सगळ्या बायका गात गात विहिरीवर गेल्या. मलाही बोलावलं होतं. विहिरीच्या एका अंगाला गावाचा उकिरडा आणि दुसऱ्या अंगाला कांद्याची शेतं, युरियाच्या रिकाम्या गोण्या बांधावर पडलेल्या. मी तिथूनच जंतूंच्या तपासणीची बाटली भरून घेतली. दुसऱ्या दिवशी ती काळी झाली, म्हणजे पाण्यात जंतू, तेव्हा मी मोठ्या ऐटीत फोन करून तो हुकूम दिला. नंतर पंधरा दिवसांनी नळाची मोटर जळाली आणि सगळं गाव परत विहिरीवर आलं. सीताबाईंना काळजी नव्हती, कारण पाणी पूजलेलं. मलाही नव्हती, कारण पाणी उकळलेलं.

पिशवीत तपासणीची पेटी होती. नळीत घागरीतलं पाणी घेतलं, नायट्रेट तपासायची पुडी टाकली, हलवली. विहिरीत मी फक्त जंतू शोधले होते. युरिया आणि उकिरडा डोळ्यांसमोर असूनही त्यांतून पाण्यात झिरपणारं नायट्रेट बघितलं नव्हतं, कारण विहीर म्हटलं की माझ्या डोक्यात जंतू. दुसऱ्या नळीत पातेल्यातलं उकळलेलं पाणी गार करून घेतलं. मग उभ्याउभ्या वाट बघितली.

घागरीतल्या पाण्याला गुलाबी रंग चढला. चढत चढत पेटीतल्या रंगांच्या तक्त्यावरच्या शेवटच्या रंगापर्यंत गेला, म्हणजे शंभरापर्यंत. पंचेचाळीसच्या पुढे पाणी पिऊ नये असा नियम. आणि पातेल्यातल्या पाण्याचा रंग तक्त्याच्याही बाहेर गेला, बीटाच्या रसासारखा.

मी परसात जाऊन मेधाला फोन लावला. मेधा देवासच्या प्रयोगशाळेत असते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि मला न घाबरणारी.

"बाळ निळं आहे?" तिने विचारलं.

"हो."

"डब्याचं दूध?"

"हो."

"आणि पाणी तुम्ही उकळायला सांगितलंत."

"अर्धं राहीपर्यंत."

मग ती म्हणाली, "ताई, उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी उडून जातं आणि ते मागे राहतं. अर्धं पाणी म्हणजे दुप्पट विष. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मग हवा धरताच येत नाही. आपल्या पुस्तकात आहे हे, शेवटून दुसरं पान. त्याला आणखी एक थेंबही देऊ नका आणि निघा. डॉक्टरला नायट्रेट हा शब्द सांगा. नाही सांगितला तर ते हृदय शोधत बसतील."

शेवटून दुसरं पान. ते पान यायचं तेव्हा साडेचार वाजलेले असायचे, बायका जांभया द्यायच्या, आणि मी पुस्तक मिटून चहा मागवायची. सात वर्षांत मी ते एकदाही वाचून दाखवलं नाही. परसातल्या दोरीवर बाळाचे लंगोट वाळत होते, ती दोरी धरून मी उभी राहिले.

घरात येऊन मी एवढंच म्हणाले, "चला." बाकी काही नाही.

व्हॅनमध्ये पुढे मोनू, मागे रुची, बाळ, सीताबाई आणि मी. देवास तास-सव्वा तासावर. वाटेतलं सोनकच्छ जवळ आलं तेव्हा बाळ रडायला लागलं. रडणं कसलं, कण्हणंच ते. आणि रडताना त्याचा चेहरा आणखी काळवंडत गेला. सीताबाईंनी थैलीतून बाटली काढली. दूध घरूनच करून आणलेलं.

मी ती बाटली अक्षरशः हिसकावून घेतली.

"अहो बाई, भूक लागली त्याला!"

"डॉक्टर रिकाम्या पोटी बघतील. आता काही द्यायचं नाही."

खोटं बोलले. सरळ तोंडावर खोटं बोलले. रुचीने माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं, ताईंना सगळं कळतं म्हणून. मी बाटली माझ्या पिशवीत खाली दाबली. मला भीती वाटत होती की बाळ मरेल. आणि ते का मेलं हे यांना कळेल, याचीही भीती वाटत होती. यातली मोठी भीती कोणती होती हे कुणी विचारू नये. मी बाळाच्या छातीकडे बघत राहिले. ती हलली की मी श्वास घ्यायची. एकदा गाडी खड्ड्यात आदळली आणि मला ती हलताना दिसलीच नाही, तेव्हा मी त्याच्या तोंडाशी गाल नेला. गालाला ऊब लागली. "काय झालं?" रुची ओरडली. "काही नाही," मी म्हणाले.

देवासच्या दवाखान्यात अंशुल नावाचा डॉक्टर होता, पोरसवदाच. बाळाच्या पायाच्या बोटाला चिमटा लावला, यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला ब्याऐंशी, हवा पंचाण्णवच्या वर. नाकाला ऑक्सिजन लावला. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत राहिलो. ब्याऐंशी. ब्याऐंशी. मग ऐंशी.

"ऑक्सिजन से भी नहीं बढ़ रहा," तो म्हणाला. "दिल में छेद लग रहा है. इंदौर ले जाना पड़ेगा. मैं एम्बुलेंस बुलाता हूँ."

सीताबाई मटकन खाली बसल्या. मोनूने भिंतीला हात टेकले. मेधा म्हणाली होती अगदी तसंच होत होतं. इंदूर म्हणजे आणखी तासभर, तिथे पुन्हा तपासण्या, आणि आकडा उतरत चाललेला. एकच शब्द बोलायचा होता. डॉक्टरला बाजूला घेऊन बोलावं असं मनात आलं, पण बाजूला जागाच नव्हती. रुची बाळाला चिकटून उभी होती आणि ती तिथून हलणार नव्हती.

"डॉक्टर साहब," मी म्हणाले, "दिल नहीं है. पानी में नाइट्रेट है. मैंने जाँचा है. बच्चा ऊपर के दूध पर है."

तो वळला. "कितना?"

"सौ तक. और वो पानी उबाल के आधा किया हुआ है. रोज."

"आधा?" तो जवळजवळ ओरडला. "आधा करने को किसने बोला?"

रुचीने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असणार की ताई आता समजावून सांगतील.

"मैंने," मी म्हणाले.

डॉक्टरने बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढून पांढऱ्या कागदावर टाकला. थेंब तपकिरी होता, चॉकलेटसारखा. "किसी और का भी चाहिए, मिलाने के लिए." मी बोट पुढे केलं. माझा थेंब त्याच्या शेजारी पडला, लालभडक, निर्लज्ज. डॉक्टरने कागद हवेत हलवला. माझा लाल राहिला. बाळाचा तपकिरीच राहिला.

मग धावपळ सुरू झाली. औषध एक निळं इंजेक्शन असतं, आणि ते रोज लागत नाही म्हणून सापडेना. नर्स एका कपाटापासून दुसऱ्या कपाटाकडे जात होती. मोनू तिच्या मागे मागे. आकडा अठ्ठ्याहत्तर झाला. मी आयुष्यात देवाला फारसा त्रास दिलेला नाही, पण त्या पंचवीस मिनिटांत मी कुलदैवतापासून विहिरीवरच्या दगडापर्यंत सगळ्यांचे पाय धरले. शेवटी ऑपरेशनच्या खोलीतून एक कुपी मिळाली. डॉक्टरने ते निळं औषध थेंब थेंब आत सोडलं, आणि बाळ आधी होतं त्याहून निळं दिसायला लागलं. रुचीने किंकाळी फोडली. "रुको, रुको," डॉक्टर म्हणाला, पण त्याच्याही कपाळावर घाम होता.

आधी कानाच्या पाळ्या बदलल्या. मला वाटलं मला भास होतोय. मग ओठांच्या कडा. आकडा चौऱ्याऐंशी, मग एकोणनव्वद. पाऊण तासाने राजवर्धनने हात-पाय झाडले आणि असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. तो टाहो ऐकून सीताबाई रडायला लागल्या. डॉक्टर म्हणाला, रात्रभर ठेवू, पण आता धोका टळलाय.

मी बाहेर बाकावर येऊन बसले. थोड्या वेळाने रुची आली आणि शेजारी बसली. शिव्या देईल असं वाटलं होतं, आणि तिने द्याव्यात असंही वाटत होतं. मी माझं सगळं बोलून टाकलं. ते पान, तो चहा, ती न केलेली तपासणी, बाटलीचं खोटं. तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "ताई, एक विचारू?"

"विचार."

"मी थोडी आळशी असते, थोडंसं उकळून उतरवलं असतं... तर त्याला इतकं नसतं झालं ना?"

पाणी मुळातच वाईट होतं असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण दिवसभरात एक खोटं बोलून झालं होतं.

"हो," मी म्हणाले. "इतकं नसतं झालं."

तिने मान हलवली. मग एकदम तिचा चेहरा बदलला. सकाळी परसात फोन कानाला असताना माझा झाला असेल, तसा. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"ताई, गुड्डी."

"कोण गुड्डी?"

"आमच्या सामनेवाली. तिला जुळी झाली, एक महिना झाला. दूध पुरत नाही, डब्बा चालू आहे. तिला कुठे काय कळत होतं? मीच शिकवलं तिला. रेघ पण मीच मारून दिली."

मी फोन शोधायला पिशवीत हात घातला. तोवर तिने स्वतःचा काढला होता. तिची बोटं दोनदा चुकीच्या नावावर पडली. पलीकडे घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि आम्ही दोघी श्वास रोखून एकाच फोनवर वाकलो होतो. मग कुणीतरी उचलला आणि मागे भांड्यांचा आवाज आला.

"गुड्डी," रुची म्हणाली, "कुछ मत पूछ. पहले चूल्हा बंद कर."